माशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा

"खाण तशी माती" ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. नातवाचें नाक आजोबांवर गेलें, नातीचा आवाज आत्यासारखा आहे, ही चर्चा तर बारशाच्या दिवसापासूनच सुरू होते. पण त्याच घरांत कधीं कधीं असें मूल जन्मास येतें कीं, त्याचे घारे डोळे आईचेहि नसतात आणि बापाचेहि नसतात. मग एखादें म्हातारें माणूस आठवण सांगतें कीं, याच्या पणजीचे डोळे घारे होते. मधल्या पिढ्यांत ते डोळे कोठें दडून बसले होते? हा प्रश्न माणसाला फार पूर्वींपासून पडत आलेला आहे. त्याच्या उत्तराचा आरंभ एका मठांतील वाटाण्याच्या वाफ्यांत झाला, आणि त्याचा मोठा भाग न्यूयॉर्कमधील एका लहानशा खोलींत, दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत सांपडला.

त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील ब्रून, म्हणजे हल्लींच्या चेक प्रजासत्ताकांतील ब्रनो, या शहरीं ग्रेगोर मेंडेल नांवाचा एक मठवासी राहत असे. त्यानें १८५६ पासून १८६३ पर्यंत वाटाण्याचीं सुमारें २८,००० रोपें वाढविलीं, त्यांचे संकर केले आणि प्रत्येक पिढीची काटेकोर मोजदाद ठेवली. उंच व ठेंगण्या रोपांचा संकर केला असतां पहिली पिढी सारीच उंच निघे. परंतु त्या पिढीच्या बियांपासून झालेल्या दुसऱ्या पिढींत तीन उंच रोपांमागें एक ठेंगणें रोप पुन्हा डोकें वर काढी. यावरून मेंडेलनें असा निर्णय केला कीं, आईबापांचे गुण दुधांत पाणी मिसळावें तसे एकमेकांत विरून जात नाहींत. ते अखंड कणांच्या रूपानें पिढ्यानुपिढ्या उतरतात. एखादा कण झांकला जातो, परंतु नाहींसा होत नाहीं. १८६५ सालीं त्यानें आपला निबंध गांवांतील शास्त्रमंडळापुढें वाचला व १८६६ सालीं तो छापून निघाला. त्याचें महत्त्व कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. १८८४ सालीं मेंडेल वारला. आणि पुढें १९०० सालीं द व्ह्रीज, कॉरेन्स व चेर्माक या तिघांनीं तोच नियम पुन्हा शोधून काढला, तेव्हां जगाला त्या मठवाशाची आठवण झाली.

हे कण शरीरांत असतात तरी कोठें? पेशीच्या केंद्रकांत, रंग दिला असतां सूक्ष्मदर्शकाखालीं ठळक दिसणारे कांहीं धागे असतात. त्यांना गुणसूत्रें म्हणतात. त्यांच्या जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडींतील एक सूत्र आईकडून व एक बापाकडून येतें. मेंडेलचे अदृश्य कण आणि हे दृश्य धागे यांची चाल एकसारखी आहे, हें १९०२-०३ च्या सुमारास वॉल्टर सटन हा अमेरिकन विद्यार्थी व थिओडोर बोव्हेरी हा जर्मन प्राध्यापक यांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें. १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें पिठांतील किड्यांच्या पेशी तपासल्या आणि नर कीं मादी हा भेद एका विशिष्ट गुणसूत्रजोडीवर ठरतो असें सिद्ध केलें. १९०९ सालीं योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानें त्या कणास जें नांव दिलें, त्यालाच आपण जनुक म्हणतों. नांव मिळालें होतें. पत्ता मिळावयाचा होता.

तो पत्ता ज्याच्या खोलींत लागला, त्या टॉमस हंट मॉर्गनचा या मतावर प्रथम विश्वासच नव्हता, ही या इतिहासांतील मोठी मौजेची गोष्ट होय. मॉर्गनचा जन्म, मेंडेलचा निबंध छापला गेला त्याच १८६६ सालचा. १९०४ पासून तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्राध्यापक होता. डोळ्यांना न दिसणारा कण गृहीत धरावयाचा, आणि हिशेब जुळला नाहीं कीं आणखी एक कण गृहीत धरावयाचा, ही पद्धति त्याला शास्त्रास शोभणारी वाटत नसे. १९०९ सालीं त्यानें हा आक्षेप उघडपणें मांडला. प्रयोगानें सिद्ध होईल तेवढेंच मानावें, असा त्याचा बाणा होता.

प्रयोगासाठीं त्यानें निवडलेला प्राणी अगदींच क्षुल्लक होता. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारीं चिलटें आपण रोज हातानें वारतों. तीच ही फळमाशी. तिची लांबी दोन-तीन मिलिमीटर. उबदार जागेंत दहा-बारा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते, एक मादी शेंकडों अंडीं घालते, आणि तिच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार. सोळा फूट रुंद व तेवीस फूट लांब अशा एका खोलींत आठ मेजें दाटीवाटीनें मांडलेलीं. त्यांवर दुधाच्या बाटल्यांच्या रांगा. बाटल्यांत केळ्याचा आंबलेला गर आणि माश्या. सर्वत्र त्या गराचा वास. असें हें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. विद्यापीठांत या जागेला 'माश्यांची खोली' असेंच नांव पडलें होतें.

१९१० सालच्या पूर्वार्धांत एका बाटलींत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. या माशीचे डोळे स्वभावतः लाल असतात. मॉर्गननें त्या नराचा लाल डोळ्यांच्या मादीशीं संकर केला. पहिल्या पिढींत १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. अपवाद तीन नरांचा. दुसऱ्या पिढींत पांढरे डोळे पुन्हा दिसूं लागले, पण मोठें नवल असें कीं, ते केवळ नरांतच दिसले. २,४५९ माद्या मोजल्या. त्या साऱ्या लाल डोळ्यांच्या होत्या. ज्या गुणसूत्रांच्या जोड्या मादींत असतात, पण ज्यांतील एक सूत्र नरांत एकटेंच असतें, त्याच सूत्रावर डोळ्याच्या रंगाचें जनुक बसलेलें असलें पाहिजे, हा एकच उलगडा संभवत होता. मॉर्गनला आपलें जुनें मत सोडावें लागलें, आणि त्यानें तें निःसंकोचपणें सोडलें. स्वतःच्या हातांनीं केलेली मोजणी त्यानें स्वतःच्या मताहून मोठी मानली.

लवकरच पिवळें शरीर, आखूड पंख असे आणखी कांहीं फेरफार सांपडले, आणि तेहि त्याच सूत्राशीं निगडित निघाले. येथें एक नवी अडचण उभी राहिली. एका सूत्रावर बसलेलीं जनुकें नेहमीं एकत्रच उतरावयास हवीं. पिवळें शरीर व पांढरा डोळा ही जोडी शंभरांत जवळजवळ नव्याण्णव वेळां तशी उतरेहि. परंतु पांढरा डोळा व आखूड पंख यांची ताटातूट सुमारें एकतृतीयांश वेळां होई. मॉर्गननें याचें कारण असें सुचविलें कीं, बीजपेशी तयार होतांना जोडींतील दोन सूत्रें एकमेकांस बिलगतात, कांहीं ठिकाणीं तुटतात व आपले तुकडे अदलाबदल करून पुन्हा जुळतात. दोन माळा शेजारीं ठेवून मधेंच कोठेंतरी कापाव्या आणि त्यांचीं टोकें आलटून पालटून गांठावीं, तसाच हा प्रकार. जे मणी लगतचे असतील त्यांच्यामध्यें कात्री क्वचित् चालेल. जे दूरदूर असतील त्यांची ताटातूट वारंवार होईल.

खोलींतील एका मेजावर आल्फ्रेड स्टर्टेवंट नांवाचा एक विद्यार्थी बसत असे. त्याचें बालपण आलाबामांतील शेतावर गेलें होतें. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी मांडून ठेवण्याचा त्याला नाद होता. घोड्यांचे रंग मेंडेलच्या नियमानें उतरतात, हें दाखविणारा त्याचा लेख वाचून मॉर्गननें त्याला खोलींत जागा दिली होती. १९११ सालीं एके दिवशीं दोघांचें या अदलाबदलीविषयीं बोलणें चाललें असतां स्टर्टेवंटच्या मनांत एकाएकीं विचार आला कीं, ताटातूट किती वेळां होते हाच जर अंतराचा निदर्शक असेल, तर त्यावरून सूत्रावरील जनुकांचा क्रम लावतां येईल. टिपणें घेऊन तो घरीं गेला. कॉलेजचा अभ्यास त्या रात्रीं तसाच राहिला. पण सकाळ होईपर्यंत गुणसूत्राचा जगांतील पहिला नकाशा तयार झाला होता. नकाशा काढणाऱ्याचें वय तेव्हां एकोणीस वर्षांचें होतें.

त्याची युक्ति शाळेंतील मुलासहि समजेल अशी आहे. रस्त्यावर तीन गांवें आहेत. पहिल्यापासून दुसरें तीन मैल व दुसऱ्यापासून तिसरें पांच मैल असेल, तर पहिल्यापासून तिसरें आठ मैलांवर तरी असावें, नाहीं तर दोन मैलांवर तरी. तें अंतर प्रत्यक्ष मोजलें कीं गांवांचा क्रम निश्चित होतो. स्टर्टेवंटनें शंभरांत एक ताटातूट म्हणजे एक माप धरलें. १९१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नकाशांत पिवळ्या शरीराचें जनुक शून्यावर, पांढऱ्या डोळ्याचें १.० वर, शेंदरी डोळ्याचें ३०.७ वर, आखूड पंखाचें ३३.७ वर आणि खुरट्या पंखाचें ५७.६ वर दाखविलेलें आहे. फार लांबचें अंतर मोजलें तर तें मधल्या अंतरांच्या बेरजेपेक्षां कमी भरतें, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. मधें दोनदां तूट झाली तर टोकांचे मणी पुन्हा एकत्र येतात आणि ताटातूट झाल्याचें दिसतच नाहीं, हें त्याचें कारण. जनुक कोणी पाहिलें नव्हतें. तरी केवळ मोजदादीच्या बळावर त्याचें ठिकाण दशांशापर्यंत सांगतां येऊं लागलें.

या खोलींतील मंडळी एकाच सांच्याची नव्हती. कॅल्विन ब्रिजेसचे आईबाप लहानपणींच वारले होते. तो बाटल्या धुण्याचें काम करीत असतां जाड कांचेंतून त्यानें वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी टिपली आणि आपली जागा मिळविली. स्टर्टेवंटला मात्र लाल व हिरवा हे रंग नीट ओळखतां येत नसत. हें रंगांधत्वहि माणसाच्या त्याच लिंगसूत्रावरील जनुकामुळें येतें. पांढऱ्या डोळ्याच्या नरासारखाच दाखला नकाशा काढणारा स्वतःच्या देहांत बाळगीत होता. हर्मन म्यूलर हा तिसरा. त्याची बुद्धि तीव्र. आपल्या कल्पनांचें श्रेय आपणांस पुरतें मिळत नाहीं, अशी त्याची खंत होती, आणि ती त्यानें लपविली नाहीं. मॉर्गनची पत्नी लिलियन ही स्वतः शास्त्रज्ञ असून तिनेंहि गुणसूत्रांविषयीं महत्त्वाचा शोध लावला.

केवळ आंकड्यांवर उभा असलेला हा नकाशा खरा कशावरून, अशी शंका अनेकांनीं घेतली. १९१६ सालीं ब्रिजेसनें, गुणसूत्रें चुकीच्या वांटणीनें उतरलीं कीं गुणहि त्याच चुकीनें उतरतात, हें सिद्ध केलें. १९३१ सालीं हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनीं मक्याच्या गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच अदलाबदल होतात हें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. १९३३ सालीं थिओफिलस पेंटर यानें माशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील प्रचंड गुणसूत्रांकडे लक्ष वेधलें. त्यांवर आडवे पट्टे असतात. आणि त्या पट्ट्यांचा क्रम स्टर्टेवंटच्या पद्धतीनें लावलेल्या क्रमाशीं जुळला. त्याच वर्षीं मॉर्गनला नोबेल पारितोषिक मिळालें. त्या रकमेचा वांटा त्यानें ब्रिजेस व स्टर्टेवंट यांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं दिला. म्यूलरला १९४६ सालीं तें पारितोषिक, क्ष-किरणांनीं जनुकांत फेरफार घडविल्याबद्दल, स्वतंत्रपणें मिळालें.

माशीच्या नकाशाचा माणसाला उपयोग काय, असें कोणी विचारील. हंटिंग्टनचा रोग म्हणून एक भयंकर व्याधि आहे. बहुधा भर प्रौढपणीं हातपाय अनावर हालूं लागतात व बुद्धि ढासळत जाते. रोग्याच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा. व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराकांठच्या खेड्यांत अशा रोग्यांचें एक अतिविस्तृत कुटुंब आहे. जिच्या आईलाच हा रोग झाला होता, त्या नॅन्सी वेक्सलर या विदुषीनें वर्षानुवर्षे तेथें जाऊन वंशावळी लिहून घेतल्या व रक्ताचे नमुने जमविले. रोगाबरोबर पिढ्यानुपिढ्या एकत्र उतरणारी खूण कोणती, हाच शोध होता; पद्धति त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचीच. १९८३ सालीं ती खूण चौथ्या गुणसूत्रावर सांपडली, आणि आणखी दहा वर्षांच्या परिश्रमांनंतर १९९३ सालीं खुद्द जनुक हातीं आलें. रोग होणार कीं नाहीं हें आधीं सांगणारी चांचणी त्यामुळें शक्य झाली. पण ती करून घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न त्या घरांतील माणसांना अधिकच जड झाला.

या विद्येचा दुरुपयोगहि झाला, हें विसरून चालणार नाहीं. दारिद्र्य, गुन्हेगारी, मतिमांद्य यांचींहि जणूं सुटीं सुटीं जनुकेंच असतात, असें मानणारे पुढारी निघाले. अमेरिकेंत इंडियाना प्रांतानें १९०७ सालीं कायदा केला. अशा कायद्यांखालीं पुढें तेथें साठ हजारांहून अधिक माणसें सक्तीनें वंध्य करण्यांत आलीं. जर्मनींत १९३३ नंतर याच विचारानें कोणती परिसीमा गांठली, तें सर्वश्रुत आहे. मॉर्गननें मात्र १९१५ सालींच अशा मंडळींच्या समितीचा राजीनामा दिला, आणि माणसाच्या वर्तनांत आनुवंशिक भाग किती व परिस्थितीचा भाग किती हें वेगळें काढतां येत नसतां निर्णय देऊं नयेत, असें पुढें बजावून सांगितलें. दोन माश्यांच्या डोळ्यांविषयीं मत देण्यापूर्वीं हजारों माश्या मोजणाऱ्यास माणसांविषयीं घाईनें बोलवेना, यांत नवल नाहीं.

२००० सालीं या माशीची संपूर्ण जनुकलिपि वाचून झाली. २०२२ सालीं माणसाच्या लिपींतील उरलेलीं रिकामीं स्थळेंहि भरून निघालीं. तरी दोन जनुकांमधील अंतर आजहि मॉर्गनच्या नांवानें मोजतात. हें नांव त्या मापास १९१९ सालीं जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं दिलें. तेच हॉल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन येथलेच नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. खाण तशी माती, हें पूर्वजांचें निरीक्षण खोटें नव्हतें. पण खाणींत कोणते कण आहेत, ते कोठें आहेत, आणि कोणत्या गोष्टींचा दोष खाणीला देतां येत नाहीं, हें कळावयास केळ्याच्या गरावरच्या चिलटांना एक एक करून मोजणारीं माणसें लागलीं.