शाहू मिल, कोल्हापूर
शाहू मिल, कोल्हापूर : कोल्हापूर संस्थानाच्या काळात स्थापन झालेली व बंद पडल्यानंतर सांस्कृतिक कार्यासाठी उपयोगात आलेली ऐतिहासिक कापड गिरणी. ‘श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ हे तिचे मूळ नाव. ती कोल्हापूर शहरात कोटितीर्थ तलावानजीक आहे.

इतिहास : मुंबईतील पहिल्या कापड गिरणीत १८५६ मध्ये, तर सोलापुरातील पहिल्या गिरणीत १८७७ मध्ये उत्पादन सुरू झाले. कोल्हापूर १८९१ मध्ये लोहमार्गाने मिरजेशी जोडले गेले आणि जड यंत्रसामग्री व कोळसा आणणे सुकर झाले. राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि २७ सप्टेंबर १९०६ रोजी या गिरणीची स्थापना केली. संस्थानच्या इचलकरंजी जहागिरीत त्यापूर्वी दोनच वर्षे पहिला यंत्रमाग आला होता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गिरणी पुढे महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली व २००३ मध्ये बंद पडली.

रचना व कार्य : उंच धुराडे ही गिरणीची दुरून पटणारी खूण होय. भोंग्यावर कामगारांच्या पाळ्या चालत व परिसरातील लोकही वेळेचा अंदाज बांधत. सूत व कापड दोन्ही काढणाऱ्या अशा गिरणीची पाहणी उत्पादनक्रमाने केल्यास तिचा अर्थ उलगडतो. गासड्या फोडून रुई मोकळी व स्वच्छ करणे, ती पिंजून पेळू बनविणे, पेळूपासून चात्यांवर सूत काढणे, ताण्याच्या सुतास खळ देणे व शेवटी मागावर कापड विणणे, असा हा क्रम असतो. यंत्रे हलविली गेली, की तो दिसेनासा होतो व प्रेक्षकास केवळ रिकाम्या शाळा आणि भिंती दिसतात.

सांस्कृतिक उपयोग : शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ मध्ये झालेल्या ‘कृतज्ञता पर्वा’त या आवारात प्रदर्शने व सांस्कृतिक कार्यक्रम भरविण्यात आले. त्यामुळे एरवी बंद असलेली वास्तू नागरिकांना पाहावयास मिळाली. या जागेवर शाहू महाराजांचे स्मारक उभारण्याची योजनाही राज्यशासनाने मांडली आहे.

बंद उद्योगस्थळांच्या पुनर्वापराचे दोन प्रकार आढळतात. मुंबईतील इंदू मिलची भूमी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नव्या स्मारकासाठी देण्यात आली (भूमिपूजन २०१५). याउलट बर्लिनमधील शुल्टहाइस या बीअरनिर्मितीच्या कारखान्यात १९६७ मध्ये उत्पादन थांबल्यावर १९७४ मध्ये त्याच्या इमारतींना संरक्षण मिळाले. जुन्या विटांच्या त्याच इमारतींत आता नाट्यगृह, चित्रपटगृहे व पूर्व जर्मनीतील दैनंदिन जीवनाचे संग्रहालय आहे. पहिल्या प्रकारात जागा टिकते, तर दुसऱ्यात वास्तूही टिकते. शाहू मिलच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. संस्थापकाचे स्मारक अन्यत्रही उभारता येते. परंतु जवळजवळ शंभर वर्षे येथे राबलेल्या कामगारांच्या श्रमाची साक्ष या वास्तूखेरीज अन्य कोणतीही वास्तू देऊ शकत नाही. धुराडे, शाळा, उरलेली अवजारे व कामगारांच्या आठवणी यांचे एकत्रित जतन झाल्यास प्रजेच्या उपजीविकेसाठी उद्योग उभारणाऱ्या राजाचे कार्यही तेथेच अधिक स्पष्ट होईल.