न्हाणी: फरशीखालच्या अदृश्य थराचा इतिहास

#धागा

१/१२
नव्या न्हाणीघरात सर्वप्रथम नजरेत भरते ती फरशी. पाणी अडवण्याचे काम मात्र ती करीत नाही. दोन फरश्यांमधील सांधे कितीही घट्ट भरले, तरी त्यांतील सूक्ष्म छिद्रांतून ओल खाली झिरपतेच. तिला रोखतो तो फरशीखालचा थर, आणि तिला वाट दाखवतो तो उतार. हे ज्ञान साडेचार हजार वर्षांइतके जुने आहे. नाशिकच्या वाड्यांत मात्र त्याचा विसर महागात पडला.

२/१२
सिंधमधील मोहेंजोदडोचे महास्नानगृह सर्वांना परिचित आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असे हे कुंड. दिसतात त्या घट्ट बसवलेल्या, जिप्समच्या गिलाव्यात सांधलेल्या विटा. खरे रहस्य विटांच्या मागे आहे. तेथे नैसर्गिक डांबराचा सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा थर दिला होता. तळालाही एका कोपऱ्याकडे उतार होता.

३/१२
आता नाशिककडे वळू. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील शिलालेखात लेण्याबरोबरच 'पोढी' करविल्याचा उल्लेख आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सतराव्या लेण्यातील लेखात उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त हा यवनही लेण्यासह पोढींच्या दानाची नोंद करतो. पाणी साठवणे हे निवासाइतकेच पुण्यकर्म मानले जाई.

४/१२
टाक्यांना वेगळा थर लागत नसे, कारण अखंड काळा कातळ स्वतःच पाणी धरतो. कारागिरांचे कौशल्य दोन गोष्टींत होते: भेगा नसलेला दगड निवडणे आणि पाणी पन्हळींतून हवे तिकडे वळवणे. परंतु माणूस डोंगर सोडून बांधलेल्या घरात राहू लागला की अखंडता संपते. वीट, दगड, लाकूड यांचे सांधे येतात आणि प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट ठरते.

५/१२
सांधे बुजवण्यासाठी चुना आला. त्यात एक अडचण होती. शुद्ध चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. सतत पाण्याखाली राहिल्यास तो पुरता घट्ट होत नाही. यावर उपाय म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, अर्थात सुरखी. तिच्यातील सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि ओलाव्यातही टिकणारे मिश्रण तयार होते.

६/१२
ही युक्ती केवळ आपली नव्हे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस यानेही फरसबंदीखालच्या थरात भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांचा चुरा चुन्यात मिसळण्यास सांगितले आहे. रोमन हौदांना व स्नानगृहांना असाच गिलावा केलेला आढळतो. एकमेकांपासून दूर असलेल्या गवंड्यांच्या हाती एकच उत्तर आले होते.

७/१२
दख्खन हा काळ्या कातळाचा प्रदेश. येथे चुनखडकाचे मोठे डोंगर नाहीत. म्हणून ओढ्याकाठची, काळ्या मातीतली चुनखडीची खडे भाजून चुना केला जाई. बैल जुंपलेल्या दगडी घाणीत तो वाळूसह मळला जाई. कामाच्या महत्त्वानुसार त्यात गूळ व हिरड्याचे पाणीही पडे. त्यामुळे चुना सावकाश वाळे आणि त्याला तडे कमी जात.

८/१२
वाड्यातील न्हाणी सहसा तळमजल्यावर, मागील अंगाला असे. खाली दगडी फरसबंदी, सांध्यांत चुना आणि मोरीच्या दिशेने उतार. बंबातील ऊन पाणी अंगावरून उतरे आणि थेट परसातल्या अळू-केळींच्या आळ्यात जाई. न्हाणीची ही जागा केवळ सोयीची नव्हती. झिरपलेच तर पाणी जमिनीत जावे, कोणाच्या तुळईत नव्हे, हा विचार त्यामागे होता.

९/१२
पुढे साहित्य बदलले. १८२४ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ मध्ये पोरबंदरला भारतीय कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. नळाचे पाणीही घरोघर आले. एकत्र कुटुंबे विभागली, वाड्यांत भाडेकरू आले आणि एका खोलीच्या बिऱ्हाडालाही स्वतंत्र मोरी हवीशी झाली. मागणी रास्तच होती. पण त्यामुळे न्हाणी माडीवर चढली.

१०/१२
माडीची जमीन म्हणजे लाकडी तुळया, वर फळ्या आणि मातीचा थर. लाकूड ऋतूनुसार फुगते, आकसते. सिमेंट व फरशी तशी हलत नाहीत. सांध्यांना केसाएवढी चीर पडते. तीतून उतरलेले पाणी तुळईच्या भिंतीतील टोकापर्यंत पोहोचते आणि लाकूड आतून कुजते. मातीत बांधलेली भिंत भिजली की तिचे बळ जाते. वरची फरशी मात्र चकचकीतच दिसते.

११/१२
दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्यांची पडझड होते आणि महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. तिचे खापर बहुधा पावसावर किंवा वाड्याच्या वयावर फुटते. पाऊस वर्षातून चार महिने पडतो. माडीवरची मोरी बाराही महिने गळते. मालक, भाडेकरू आणि दुरुस्तीचा खर्च यांच्या वादात ती गळतच राहते. म्हणून न्हाणीची गळती ही घराच्या आयुष्याची गोष्ट आहे.

१२/१२
आजचा जाणता गवंडी काय करतो? न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतो, त्यावर जलरोधक थर देऊन तो भिंतींवरही चढवतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालतो, कोपऱ्यांना 'वाटा' म्हणजे गोलाई देतो. मग पाणी तुंबवून एक-दोन दिवस खालचे छत पाहतो आणि फरशी सर्वांत शेवटी बसवतो. डांबराच्या जागी रसायन आले, चुन्याच्या जागी सिमेंट. क्रम मात्र मोहेंजोदडोचाच. देशभरच्या हार्डवेअर दुकानांत जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याला आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला हा शब्द दूरवर पोहोचला. त्यामागचे शहाणपण माडीपर्यंत पोहोचले असते, तर अनेक वाडे आज उभे असते.