भाणकांची स्मृती आणि विस्मृती

पाठ केलेली गोष्ट ऐन वेळी का आठवत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याला परीक्षेत पडतो आणि वृद्धाला शेजाऱ्याचे नाव घेताना पडतो. पाली वाङ्मयात तो एका ब्राह्मणाने विचारलेला आहे. अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात संगारव ब्राह्मण तथागतांकडे येतो आणि विचारतो की, दीर्घकाळ घोकलेले मंत्र कधी कधी मुळीच स्फुरत नाहीत, तर कधी न घोकलेलेही स्फुरतात, याचे कारण काय? ज्या वर्गाची सारी प्रतिष्ठा मुखोद्गत मंत्रांवर उभी होती, त्या वर्गातील माणसाने हा प्रश्न एका श्रमणास विचारावा, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

उत्तरात तथागत देवतेचा कोप सांगत नाहीत, की पूर्वजन्मीचे पापही सांगत नाहीत. ते पाण्याच्या भांड्याचा दृष्टांत देतात. पाण्यात लाख, हळद किंवा नीळ मिसळलेली असेल, ते उकळत असेल, शेवाळाने झाकलेले असेल, वाऱ्याने हेलकावत असेल किंवा गढूळ होऊन अंधारात ठेवलेले असेल, तर डोळस माणसालाही त्यात आपला चेहरा दिसत नाही. कामच्छंद, व्यापाद, स्त्यानमिद्ध, औद्धत्य-कौकृत्य आणि विचिकित्सा या पाच नीवरणांनी चित्ताची तशीच अवस्था होते. दृष्टांताचा मथितार्थ नीट पाहावा. चेहरा कोठेही गेलेला नाही. दोष पाण्याचा आहे. म्हणजे न आठवणे आणि नाहीसे होणे या दोन भिन्न गोष्टी होत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस याने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याच्याशी जुळणारे काही दिसते. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि त्या पुन्हा पाठ करण्यास लागणारे श्रम किती वाचतात हे मोजले. एका तासानंतर निम्म्याहून कमी श्रम वाचले, एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश. मात्र पुढे ही घसरण मंदावली आणि महिन्यानंतरही सुमारे पाचवा हिस्सा वाचत होता. आठवत नसलेलेही काही अंशी शिल्लक असते, असा याचा अर्थ होतो. त्याची अक्षरे निरर्थक होती, हे अर्थात विसरता कामा नये. सुत्तांची गोष्ट निराळी. त्यांत अर्थ आहे, लय आहे आणि पुनरुक्ती आहे. आजच्या वाचकास ‘पेय्याल’ कंटाळवाणे वाटते, आमच्या विद्यार्थ्यांनाही वाटते. परंतु कागद नसलेल्या संघात तीच पुनरुक्ती विसरण्याविरुद्धची तटबंदी होती.

ही तटबंदी सांभाळणारे ते भाणक. दीघभाणक, मज्झिमभाणक अशी त्यांच्यात निकायवार वाटणी होती. भारहुतच्या शिलालेखांत पाच निकाय जाणणाऱ्याचा, तसेच ‘पेटकी’ म्हणजे पिटक जाणणाऱ्याचा उल्लेख येतो. एकाला सर्व पाठ होणे दुष्कर, म्हणून अनेकांनी थोडे थोडे धारण करावे आणि संगायनात एकमेकांचे तपासावे, अशी ही व्यवस्था होती. समूहाने म्हणताना एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लागलीच खटकते.

पण व्यक्तीच मेली तर? सिंहलद्वीपात इ.स.पू. पहिल्या शतकात पडलेल्या दुष्काळाची कथा अट्ठकथांत आहे. साठ भिक्खू कंदमुळे व पाने खाऊन तगले. बसण्याचेही त्राण उरले नाही, तेव्हा वाळूवर डोके टेकून ते पडल्या पडल्या पाठ करीत राहिले. बारा वर्षांनी समुद्रापलीकडून सातशे भिक्खू परतले, दोघांनी आपले पाठ ताडून पाहिले आणि एका अक्षराचाही फरक आढळला नाही, असे अट्ठकथाकार म्हणतात. यात श्रद्धेची अतिशयोक्ती असेल. परंतु त्याच परंपरेने अडचणीची एक गोष्टही लपविलेली नाही, आणि तिच्यामुळे आमचा तिच्यावरील विश्वास वाढतो. महानिद्देस एकाच भिक्खूला येत होता आणि तो दुःशील होता. महारक्खित थेरांना त्याच्याकडे शिकायला जाणे नको होते. ग्रंथ लुप्त होईल म्हणून त्यांना पाठविण्यात आले. पुढे वट्टगामणी अभयाच्या काळात त्रिपिटक लिपिबद्ध झाले. महावंस त्याचे कारण स्पष्ट देतो: लोकांचा होत असलेला ऱ्हास. मिलिंदपञ्हातही स्मृती जागी होण्याच्या प्रकारांत पोथीचा समावेश आहे.

‘स्मृती’ या शब्दाशी आमच्या वाचकांची एक कडवट आठवण जोडलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले, त्या ग्रंथाच्या नावातही तो आहे. पालीतील ‘सति’ हा त्याचाच सगोत्र शब्द. तो ग्रंथाचे नाव झाला नाही, चित्ताचा एक गुण राहिला.

आता आपल्या भूमीकडे येऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेल्या स्तंभाचा लेख आहे. तो धम्मुत्तरीय निकायाचा होता. त्या निकायाचे त्रिपिटक आज उपलब्ध नाही. सातिमित नेमकी कोणती सुत्ते कोणत्या शब्दांत म्हणत असे, हे कोणासही सांगता येत नाही. दगड टिकला, पाठ गेला. येथे संगारवाचा दृष्टांत लागू पडत नाही, कारण भांड्यासमोर चेहराच उरलेला नाही. थेरवादाचा पाठ वाचला तो समुद्रापलीकडे. म्हणूनच १९०२ साली गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांना पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपात जावे लागले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी ते अध्ययनास बसले, आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती भाषा मराठी मुलांना शिकविली.