मोटन शाळेचा संप

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या गावी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी २३ एप्रिल १९५१ रोजी पुकारलेला संप. वर्णभेदी शाळांविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याचा एक उगम येथे आहे. खाजगी देणगीचा पैसा या लढ्यात दोन्ही बाजूंनी उतरला.

दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळांवर सरकारी खर्च तुटपुंजा असे. ही उणीव काही अंशी दानातून भरली गेली. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दिलेल्या मदतीतून १९३२ पर्यंत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. अट अशी, की गावानेही वर्गणी काढायची. कृष्णवर्णीय शेतकरी-मजुरांनी सुमारे ४७ लाख डॉलर जमवले, म्हणजे रोझनवाल्ड यांच्या वाट्यापेक्षा अधिकच. कर भरूनही शाळेसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागे. शाळा मिळाल्या, वेगळेपणाला मात्र धक्का लागला नाही.

फार्मव्हिलचे मोटन हायस्कूल १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधले होते; संपाच्या वेळी पटावर साडेचारशेहून अधिक मुले होती. गर्दी सामावण्यासाठी आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या काढल्या होत्या. त्या गळत. शेगडीजवळची मुले भाजत, लांबची कुडकुडत. सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने काही सोबत्यांना घेऊन गुपचूप बेत आखला. खोट्या निरोपाने मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवले आणि त्यांच्याच नावाने चिठ्ठ्या फिरवून सभा बोलावली. पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर बार्बरा उभी होती. सारी शाळा बाहेर पडली. संप दोन आठवडे चालला.

मुलांची मूळ मागणी चांगल्या इमारतीची होती, गोऱ्यांसोबत शिकण्याची नव्हे. हे अनेकदा विसरले जाते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र वेगळ्या शाळांच्या प्रथेलाच आव्हान देणार असाल तरच खटला घेतो, असे बजावले. मुले आणि पालक तयार झाले. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’मध्ये एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला हा एकमेव. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. धमक्यांमुळे बार्बराला त्यापूर्वीच अलाबामात काकांकडे, धर्मोपदेशक व्हर्नन जॉन्स यांच्याकडे, पाठवावे लागले होते. पुढे ती ग्रंथपाल झाली. १९९१ मध्ये तिचे निधन झाले.

फार्मव्हिल ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येते, तिने निकालाला दिलेले उत्तर विलक्षण होते. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा १९५९ मध्ये तिने सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप लावले. गोऱ्यांच्या मुलांसाठी देणग्या गोळा करून खाजगी अकादमी निघाली. पुढे तिला सरकारी शिष्यवृत्त्या आणि करसवलतींचाही आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुलांसाठी चर्चच्या तळघरांत वर्ग भरले. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने काहींना परराज्यांतील कुटुंबांत ठेवून शिकवले, पण बहुतेकांची वर्षे वायाच गेली. १९६३ मध्ये प्रतिष्ठानांच्या आणि सामान्य लोकांच्या देणग्यांवर ‘फ्री स्कूल’ सुरू झाले. अधीक्षक नील सलिव्हन यांच्या देखरेखीखाली सुमारे दीड हजार मुले शिकू लागली. त्यांत मोजकी गोरीही होती. ही सोय एका वर्षापुरतीच होती. मे १९६४ मध्ये शाळाबंदीविरुद्धच्या ‘ग्रिफिन’ खटल्याच्या निकालानंतर काउंटीला सार्वजनिक शाळा पुन्हा उघडाव्या लागल्या.

ज्यांचे शिक्षण या बंदीत बुडाले, त्यांच्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती योजना आणली. उद्योगपती जॉन क्लूगे यांनी तिला १० लाख डॉलर दिले. तोवर या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पन्नाशी ओलांडली होती.