मण्याची कुळकथा

मंगळसूत्रात मणी, तान्ह्या बाळाच्या मनगटात मणी, आजोबांच्या जपमाळेत मणी आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यातही मण्यांची माळ! जन्मापासून शेवटपर्यंत मणी आपली पाठ सोडत नाही. किंबहुना, पाठीच्या कण्यातील हाडालाही आपण मणकाच म्हणतो. अलीकडे तरुण मंडळी हवाई छत्रीसाठी निघालेल्या नायलॉनच्या दोरीचा गोफ विणून तो किल्ल्यांच्या जुडग्याला बांधतात आणि त्यात ओवण्यासाठी एखादा देखणा मणी शोधत हिंडतात. दोरी नवी असली तरी ही हौस फार जुनी आहे. नेवाशाच्या उत्खननात (१९५४-५६) ताम्रपाषाणयुगातील तांब्याचे मणी सापडले, आणि आश्चर्य असे की, ते ज्या दोऱ्यात ओवले होते त्याचे तंतूही शिल्लक होते. त्यांत कापूस व रेशीम आढळले. माणूस गेला, घर गेले, पण मण्याच्या आश्रयाने दोरा राहिला!

मण्यांत मानाचा मणी म्हणजे लाल अकीक. त्याचे कूळ शोधू लागले की, प्रथम आपल्याच काळ्या कातळापाशी यावे लागते. कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थिजताना त्यात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका साचत गेली आणि अकीक तयार झाला. कातळ झिजला, हे कठीण गोटे मात्र झिजेनात. ते प्रवाहांबरोबर वाहत गेले आणि नर्मदेच्या खालच्या अंगाला, राजपिपळ्याच्या टेकड्यांत रतनपूरजवळ, त्यांचे थर साचले. तेथे बाबा घोर या हबशी संताचा दर्गा आहे, आणि अकीकाचा धंदा त्यांनीच भरभराटीस आणला अशी तेथील सिद्दी लोकांची श्रद्धा आहे.

खाणीतून निघालेला दगड लाल नसतोच. तो मळकट, पिवळसर असतो. तो प्रथम उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. उष्णतेने दगडातील लोहाचे रूप पालटते आणि रंग लाल होतो. नंतर खंबायतचा कारागीर त्याला हाती घेतो. जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईला दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून टिचकी मारल्यागत ठोका द्यायचा. सळईच्या बाजूने बरोबर हवा तेवढाच कपचा उडतो. मग घासणी, मग झिलई. पूर्वी मणी, पाणी व झिलईची पूड कातडी पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवीत असत.

परंतु खरी परीक्षा पुढेच असते. दगड कितीही गोल आणि चकचकीत केला, तरी वेज पडल्याशिवाय तो मणी होत नाही. अकीक पोलादाला दाद देत नाही. म्हणून खंबायतेत कमानीच्या दोरीने गरगर फिरणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कणी बसवितात. लांब मणी दोन्ही टोकांनी भोकायचा, आणि दोन्ही भोके मध्यावर एकमेकांस भेटली पाहिजेत!

हिऱ्याची ही युक्ती नव्हती तेव्हा काय करीत असत? अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ साली सिंधमधील चन्हुदडो येथे उत्खनन केले, तेव्हा मण्यांचा एक कारखानाच उजेडात आला. तेथे एका विशेष कठीण दगडाची सामती मिळाली. पुढे संशोधकांनी त्या दगडाला मॅके यांच्याच नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हटले. तशा सामत्याने भोक पाडून पाहिले, तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर! म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला नुसत्या भोकासाठी ४० तास. कराचीजवळ अल्लाहदिनो येथे अशा ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा सापडला आहे. तो घडविण्यास सुमारे ४८० दिवसांचे श्रम लागले असावेत, असा अंदाज आहे.

अशी वस्तू घरात कशी राहील? लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात मेसोपोटेमियातील उर शहर खणले. तेथील राजघराण्याच्या थडग्यांत सिंधुकाठच्या घडणीचे लांब लाल मणी निघाले. खंबायतच्या आखातालगतच्या लोथल येथे १९५५ पासून शि. रं. राव यांनी उत्खनन केले, तेथेही मणी घडविण्याची जागा व भट्टी आढळली. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे की, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पट्टेदार अकीकाचे दगड गाड्यांत भरून भडोच बंदरास येतात. सोळाव्या शतकात दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने खंबायतच्या या व्यापाराचे वर्णन केले आहे. तेव्हा हे मणी थेट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात होते.

साम्राज्ये बुडाली, बंदरे गाळाने भरली, पण ही कला बुडाली नाही. मात्र तिची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. विजेवर फिरणारी सहाणचाके आली, तशी घासणी झपाट्याने होऊ लागली. पण त्याबरोबर दगडाची अतिसूक्ष्म धूळ घराघरांत उडू लागली. ती श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा रोग जडतो. पुष्कळदा त्याला क्षय समजून उपचार केले जातात. धूळ शोषून घेणारी यंत्रे व ओली घासणी यांनी तो टाळता येतो, पण एकदा जडला की तो बरा होत नाही. ज्या हातांनी चार हजार वर्षांची विद्या जपली, त्यांचाच श्वास तिने कोंडावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

म्हणून मणी पारखताना रंग पाहावा, झिलई पाहावी, आणि मग तो उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून एकदा आरपारही पाहावे. ते भोक एवढेसे असते, पण कारागिराचे सारे दिवस त्यातूनच गेलेले असतात. भाव करताना तेवढी जाणीव राहिली, तरी पुष्कळ झाले.