वऱ्हाडातलं डाउनलोडिंग: कार्ड, दुकान आणि गाणं

इंटरनेटवरून गाणी उतरवून घेण्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या कॉलेजांपासून सांगितला जातो. जून १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, विद्यार्थी एकमेकांच्या संगणकातली गाणी ओढू लागले, संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टरला कुलूप लागलं. त्या हकिगतीत प्रत्येक श्रोत्याकडे स्वतःचा संगणक आणि स्वतःचं कनेक्शन आहे. अकोला-अमरावतीच्या खेड्यापाड्यांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या, तरी डाउनलोड केलेलं गाणं घरोघरी वाजत होतं. ते कोणत्या वाटेनं आलं आणि त्यानं इथल्या लोकप्रिय संगीताचं काय केलं, एवढाच या विवेचनाचा विषय आहे. काळ ढोबळ मानानं २००६ ते २०१६ असा धरला आहे. माझं म्हणणं असं की वऱ्हाडात डाउनलोडिंग हा श्रोत्याचा उद्योग कधी नव्हताच. तो दुकानदाराचा धंदा होता, आणि त्याचे बरेवाईट परिणाम या एका गोष्टीतून निघतात.

आधी हिशेब पाहू. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. एमपी-थ्रीच्या तंत्रानं कानाला फारसा न जाणवणारा भाग गाळला की तेच काम १२८ किलोबिटांत होतं, म्हणजे जागा अकरावा हिस्सा. पाच मिनिटांचं गाणं जेमतेम ५ एमबीत मावतं आणि २ जीबीच्या मेमरी कार्डात चारशेच्या आसपास गाणी बसतात. आता हेच गाणं त्या काळच्या टू-जी मोबाईलवर उतरवायचं म्हणा. सेकंदाला चाळीस किलोबिटांचा वेग धरला तर सतरा मिनिटं लागणार, तीही मध्ये लाइन तुटली नाही तर. प्रीपेडवर पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे हा दर सर्रास होता. त्यानं ५ एमबीच्या एका गाण्याला पन्नास रुपये पडले असते. बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मात्र वीस-तीस रुपयांत अख्खं कार्ड भरून मिळायचं. दुकानदारानं एकदा मिळवलेलं गाणं हजार कार्डांत जायचं आणि त्याचा खर्च शून्याजवळ पोचायचा. इंटरनेट महाग असणं हेच या धंद्याचं भांडवल होतं, हे विसरून चालणार नाही.

दुसरं कारण विजेचं. त्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागात भारनियमन रोजचंच होतं. टीव्ही आणि टेप वीज असेल तेव्हा चालणार. मोबाईल एकदा चार्ज केला की रात्री ओलिताला जाताना खिशात वाजत राहायचा. स्वस्तातल्या चिनी हँडसेटांना मोठ्या आवाजाचा स्पीकर आणि कार्डाची खाच असायचीच. आयएमईआय क्रमांक नसलेले फोन सरकारनं २००९ च्या नोव्हेंबरअखेर बंद पाडले, पण तोवर सवय लागली होती आणि देशी कंपन्यांनी तसलेच हँडसेट बाजारात आणले होते.

दुकानातला व्यवहार जवळून पाहण्यासारखा आहे. काउंटरवर संगणक, त्याला यूएसबीचा कार्ड रीडर, बाजूला रिचार्ज कूपनांची माळ. गिऱ्हाईक कार्ड काढून देतं आणि म्हणतं, "भाऊ, नवे गाने टाकजो, अन् थोडे जुने सॅडवाले." गाण्याचं नाव कुणी क्वचितच सांगायचं. दुकानदार फोल्डर उघडणार: नवे हिंदी, कुमार सानू, अल्ताफ राजा, भीमगीतं, भजनं, लावणी, डीजे. एकेक गाणं निवडायला वेळ कुणाला? पूर्ण फोल्डर उचलायचा आणि कार्डात टाकायचा. तालुक्याच्या दुकानदाराकडे नेट असेलच असंही नाही. तो अकोल्याहून किंवा अमरावतीहून हार्ड डिस्क भरून आणायचा. म्हणजे संकेतस्थळावरून एकानं उतरवलं, दुसऱ्यानं शहरात साठवलं, तिसऱ्यानं गावात वाटलं, आणि कोट्यवधींच्या संगीतबाजारात काय ऐकायचं हे ठरवणारा शेवटचा संपादक रिचार्ज विकणारा एक पोरगा होता. रेडिओ केंद्रावरच्या निर्मात्यालाही इतकी सत्ता क्वचितच मिळाली असेल.

या संपादनाचे दोन परिणाम झाले. पहिला नावाचा. एमपी-थ्री फाइलच्या शेपटीला माहितीची एक पट्टी असते. तिच्या जुन्या रूपाची लांबी १२८ बाइट. त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी तीस. चोरटी संकेतस्थळं या तिन्ही जागी स्वतःचंच नाव भरून ठेवत. त्यामुळे मोबाईलच्या पडद्यावर गायकाच्या जागी संकेतस्थळाचा पत्ता सरकताना दिसायचा. संगीतकार-गीतकारांचं नाव तर त्या पट्टीत बसवायची सोयच नव्हती. कॅसेटच्या आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात का होईना, कवीचं नाव छापलेलं असे. ते इथे पुसलं गेलं. दुसरा परिणाम सरमिसळीचा. एका कार्डात नव्या सिनेमाच्या गाण्यामागून भजन, त्यामागून डीजेचा रिमिक्स, मग कीर्तन. अभिरुचीचे वर्ग पाडणाऱ्या समीक्षकांना हे खटकेल. मला ते श्रोत्याच्या खऱ्या आवडीचं जास्त प्रामाणिक चित्र वाटतं.

आता नुकसान कुणाचं, या प्रश्नाकडे वळू. "लोक फुकट गाणी ऐकायला लागले" हे विधान वऱ्हाडापुरतं चूक आहे. लोक पैसे मोजत होते. ते गाणं करणाऱ्यापर्यंत पोचत नव्हते. असं कार्ड भरून विकणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार गुन्हाच आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण नुकसान सर्वांचं सारखं नव्हतं. मोठ्या संगीत कंपन्यांची सीडी आणि कॅसेटची विक्री बुडाली हे खरं. या कंपन्यांपैकी सर्वांत मोठी टी-सिरीज स्वतः ऐंशीच्या दशकात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटांवर वाढली. १९५७ च्या कायद्यातली फट तिला उपयोगी पडली. इतिहासाची ही कोपरखळी नोंदवून पुढे जातो.

स्थानिक कलावंताचं गणित निराळं होतं. भीमगीतांचा गायक, कव्वालीच्या सामन्यातली पार्टी, खंजिरीवरचा प्रबोधनकार यांचं पोट रेकॉर्डवर नव्हतंच. ते सुपारीवर, म्हणजे कार्यक्रमाच्या मानधनावर. तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि गाडगेबाबांचं कीर्तन यांच्या या मुलखात सत्यपाल महाराजांसारखा सप्तखंजिरी वाजवणारा कीर्तनकार घरोघरी ओळखीचा झाला, त्यात कॅसेट, सीडी आणि नंतर कार्ड यांचा हात आहे. १४ एप्रिलच्या तोंडावर भीमगीतांचे फोल्डर दुकानांतून झपाट्यानं फिरत. श्रावणात अकोल्याची कावडयात्रा आली, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला निघालं, की कावडीच्या गाण्यांना तशीच मागणी. यांतलं किती तरी गाणं कोणत्याही कंपनीनं कधी काढलं नसतं. त्याला दुकानाच्या जाळ्यानं फुकट प्रसिद्धी दिली आणि प्रसिद्धीतून सुपारी आली. चोरीनं एकाचा बाजार मोडला, दुसऱ्याचा उभा केला.

गझल मात्र या व्यवहारात मागे पडली. गझलकार सुरेश भट अमरावतीचे, गझलगायक भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. तरी अमरावतीच्या दुकानांतल्या फोल्डरांत त्यांना जागा अपवादानंच. त्यांचा श्रोता कॅसेट विकत घेणारा होता. तो दुकानात कार्ड भरायला आला नाही, आणि जे आले त्यांच्यापर्यंत गझल गेली नाही. या दुकानी संपादनातली मोठी उणीव मी हीच मानतो.

कायद्यानं काय केलं? मार्च २०१२ मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या अर्जावर कलकत्ता उच्च न्यायालयानं १०४ संकेतस्थळं रोखायचा आदेश दिला. ज्याची हार्ड डिस्क आधीच भरलेली होती त्याला याचा काय फरक पडणार? त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला जो कंपनीला लिहून देता येत नाही. दुरुस्ती उत्तमच. पण रॉयल्टीला मोजणी लागते आणि कार्डाच्या काउंटरवर मोजणी नव्हती. मोजणी होती ती कॉलरट्यूनला. तिथे महिन्याचं भाडं आणि गाण्याची किंमत ग्राहकाच्या बॅलन्समधून आपोआप कापली जायची, कित्येकदा त्याला न विचारता. म्हणून तर पुढे दूरसंचार नियामक ट्रायला अशा सेवांसाठी दुहेरी संमती सक्तीची करावी लागली. त्या पैशातला मोठा वाटा मोबाईल कंपनी ठेवत असे. कार्ड भरणाऱ्याला चोर म्हणताना ही कपातही हिशेबात धरली पाहिजे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला. पन्नास रुपयांचं गाणं एकदम बिनपैशाचं झालं आणि ज्या महागाईवर दुकान उभं होतं तीच गेली. काउंटरवर कार्ड रीडरच्या जागी स्क्रीनगार्ड आणि कव्हर आले. यूट्यूबवर गाण्याचं नाव देवनागरीत परत आलं, गायकाचं नाव आलं, किती जणांनी पाहिलं तो आकडा आला. स्थानिक गायकाला सुपारी ठरवताना हा आकडा दाखवता येतो. डीजेवाल्यांचे रिमिक्स मात्र मूळ मालकाच्या दाव्यानं उडतात. कार्डाच्या जमान्यात त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

राहिलं ते असं गाणं, जे कंपनीनं काढलं नाही आणि पुढे कुणी यूट्यूबवरही चढवलं नाही: गावच्या सामन्यात मोबाईलवर टिपलेली कव्वाली, मेळघाटातल्या लग्नातली कोरकू गाणी, खंजिरीची एखादी रात्र. हे सगळं आजही जुन्या कार्डांत आणि बंद पडलेल्या दुकानांच्या हार्ड डिस्कमध्ये आहे. मेमरी कार्ड विद्युतभारावर माहिती धरून ठेवतं. वर्षानुवर्षं न लावता पडून राहिलं की तो भार झिरपतो आणि फाइल वाचता येईनाशी होते. यातली बरीच कार्डं दहा वर्षांहून जुनी झाली आहेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागानं किंवा ग्रंथालयानं ती गोळा करून उतरवून घ्यायचं काम आता हाती घ्यावं. आणि घरच्या ड्रॉवरमध्ये असं कार्ड सापडलं, तर वाचकांनी ते फेकण्याआधी एकदा लावून पाहावं, कोण गातंय ते लिहून ठेवावं आणि फाइल दुसरीकडे उतरवून घ्यावी.