गुळाचा चुना ते राखेचे सिमेंट

१/ शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे साखर कारखाने, तसेच दौंडकडील गुऱ्हाळे आपल्या परिचयाची आहेत. परंतु गुळाचे नाते बांधकामाशीही आहे, आणि ते सिमेंटहून जुने आहे.

२/ वाडे, देवळे, तट पूर्वी चुन्यात बांधले जात. भाजलेला चुना व वाळू बैलाच्या घाणीत मळून एकजीव करत आणि त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. साखरेच्या द्रावणात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विरघळतो. गुळाच्या उपयोगामागे हे रसायन आहे.

३/ दुसरा घटक सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होतो. पाण्याखाली तो टिकत नाही. सुरखीतील सिलिकेशी संयोग झाला की तो ओलाव्यातही घट्ट होतो. रोमन लोक हेच काम पोत्सुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. त्या गावावरूनच अशा द्रव्यांना ‘पोझोलाना’ म्हणतात.

४/ १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे घाणी मागे पडली आणि गुळाची भूमिका पालटली. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांना चिकटतात व त्याची पाण्याशी होणारी क्रिया रोखून धरतात.

५/ सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे २५ ग्रॅम साखर पडली, तरी काँक्रीट घट्ट होण्यास सुमारे चार तास उशीर होतो. १०० ग्रॅमच्या पुढे गेल्यास ते घट्ट होणे जवळजवळ थांबते. साखरेचे रिकामे पोते बांधकामावर का वापरू नये, ते यावरून कळावे.

६/ हाच दोष मोजून वापरला की गुण ठरतो. उन्हाळ्यात काँक्रीट लवकर आवळू नये म्हणून ‘रिटार्डर’ घालतात. १९३० च्या दशकात कागदाच्या लगद्यातून उरणारे लिग्नोसल्फोनेट वापरात आले. १९६० च्या दशकात जपान व जर्मनीत सुपरप्लास्टिसायझर घडले. त्यामुळे कमी पाण्यातही काँक्रीट प्रवाही राहते आणि अधिक बळकट होते.

७/ आजच्या पीपीसी सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांतील राख १५ ते ३५ टक्के असते. ही सुरखीचीच नवी वारस. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी ती सावकाश संयोग पावते. काँक्रीट दाट होते, उष्णता कमी निघते, पण सुरुवातीची ताकद हळू येते.

८/ म्हणूनच मात्रेला महत्त्व. मुळात संथ सिमेंट, त्यात जास्त रिटार्डर आणि वर थंडीच्या रात्री, असे तिन्ही जुळले तर विलंब वाढत जातो. अशा वेळी ठरल्या दिवशी सेंट्रिंग काढणे म्हणजे कच्च्या स्लॅबखाली माणसे उभी करणे होय. पाणी कमी मारले तर राखेचे काम अर्धवटच राहते.

९/ घाणीवरचा कारागीर मिश्रण हाताने पारखी. आज ते काम वजनकाट्याने आणि चाचणीने करावयाचे आहे. साधने बदलली, पण काय घातले याइतकेच किती घातले आणि कशात घातले हे आजही महत्त्वाचे आहे.